कार्यालयीन कामं बाहेर द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं?

एक बिल घेऊ. चार जणांच्या छोट्या छापखान्याला कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने महिनाअखेरीस ईमेलवर पाठवलेलं साधं बिल. छापखान्याची मालकीण स्वतः मशीनवरही उभी राहते. हे बिल आल्यावर त्याचं काय काय होतं ते सावकाश पाहू, कारण आउटसोर्सिंगबद्दल जे समजून घ्यायचं आहे, त्यातलं बरंचसं या एका बिलात सापडतं.

आधी कुणीतरी तो ईमेल उघडतं, बिल उतरवून घेतं आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. मग आपण किती कागद मागवला होता ते ऑर्डरवर बघायचं, प्रत्यक्षात किती आला ते मालासोबत आलेल्या चलनावर बघायचं आणि बिलातले नग आणि दर या दोन्हींशी जुळतात का ते तपासायचं. जुळले नाहीत तर व्यापाऱ्याला फोन करायचा. जुळले तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करायची आणि पैसे देण्याची शेवटची तारीख टाकायची. मग मालकीण ‘हो, द्या’ म्हणते, बँकेतून पैसे जातात, पैसे गेल्याची नोंद होते. महिना संपला की बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या नोंदी यांचा ताळमेळ घ्यायचा. शिवाय सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर ते बिल सापडायला हवं, म्हणून नीट नाव देऊन जपून ठेवायचं.

या आठ-नऊ पायऱ्यांमध्ये मालकिणीवाचून अडेल अशी पायरी एकच आहे: ‘हो, द्या’ म्हणण्याची. फार तर शेवटी स्टेटमेंटवर तिची एक नजर फिरायला हवी. बाकी सगळ्याला काळजी लागते, चिकाटी लागते, आकड्यांची शिस्त लागते. छपाईचं ज्ञान लागत नाही. तरीही बहुतेक छोट्या व्यवसायांत या सगळ्या पायऱ्या मालकच चढतो, आणि त्याही मुख्य काम संपल्यावर, थकलेल्या डोळ्यांनी.

कार्यालयीन कामं बाहेर देणं, म्हणजेच अॅडमिन आउटसोर्सिंग, याचा अर्थ इतकाच: यातल्या ज्या पायऱ्या दुसरं कुणी तितक्याच नीट करू शकेल, त्या व्यवसायाबाहेरच्या माणसाकडे किंवा संस्थेकडे मोबदला देऊन सोपवायच्या. बिलांसारखीच इतर कामंही असतात. भेटीच्या वेळा ठरवणं, आलेले ईमेल आणि फोन पाहून ते योग्य माणसाकडे पोचवणं, ग्राहकांना बिलं पाठवणं आणि थकलेल्या रकमांचा पाठपुरावा करणं, पगारपत्रक तयार करणं, प्रवासाची तिकिटं काढणं, ग्राहकांची यादी अद्ययावत ठेवणं, कागदपत्रं स्कॅन करून लावणं. एकेक काम क्षुल्लक वाटतं, पण सगळी मिळून आठवड्याचा मोठा घास घेतात.

मी हे काम दोन्ही बाजूंनी केलं आहे. आधी एका लहान संस्थेत आतली माणूस म्हणून, मग बाहेरून वेगवेगळ्या व्यवसायांसाठी. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात माझी मतंही आहेत, आणि ती मी लपवणार नाही.

कोसचा प्रश्न

१९३७ साली रोनाल्ड कोस या तरुण ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. बाजारात प्रत्येक काम पैसे देऊन करून घेता येत असेल, तर कंपन्या माणसं नोकरीवर ठेवतातच कशाला? लागेल तेव्हा लागेल ते काम बाहेरून का करून घेत नाहीत?

त्याचं उत्तर असं: बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो. योग्य माणूस शोधावा लागतो, भाव ठरवावा लागतो, करार करावा लागतो, काम नीट झालं का ते पाहावं लागतं. हा खर्च आतला माणूस सांभाळण्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल तोवर काम आत ठेवणं परवडतं. तो कमी झाला की काम बाहेर जाऊ लागतं. पुढे अर्थशास्त्रात याला व्यवहार-खर्च म्हणू लागले. कोसला १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, त्यामागे हाच विचार मोठा होता.

आता हा विचार छापखान्याच्या टेबलावर आणून ठेवा. तीसेक वर्षांपूर्वी बिलं तपासण्याचं काम बाहेर द्यायचं म्हटलं तर कागदांची पिशवी घेऊन कुणाला तरी ये-जा करावी लागायची. आज बिल ईमेलवर येतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर असतं, फोल्डर दोघांना एकाच वेळी दिसतो. शोधण्याचा, पोचवण्याचा, पाहण्याचा खर्च घसरला. एकेकाळी मोठ्या कंपन्यांनाच जमणारी गोष्ट चार माणसांच्या व्यवसायाच्या आवाक्यात आली ती यामुळे.

मोठ्या कंपन्यांनी हे आधी केलं होतं. १९८९ मध्ये कोडॅकने आपली संगणक केंद्रं चालवण्याचं काम आयबीएमकडे सोपवलं, तेव्हा उद्योगजगतात त्याची भरपूर चर्चा झाली. पण छोट्या व्यवसायांच्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट १९४९ ची आहे. हेन्री टॉब या एकवीस वर्षांच्या हिशेबनिसाने अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या पॅटरसन गावी फक्त इतरांची पगारपत्रकं करून देणारा व्यवसाय सुरू केला. सांगतात असं, की एका कंपनीतला पगारपत्रक करणारा माणूस आजारी पडला आणि त्यामुळे कामगारांचे पगारच वेळेवर झाले नाहीत, हे त्याने पाहिलं होतं. त्यातूनच आजची एडीपी ही प्रचंड मोठी पेरोल कंपनी उभी राहिली.

मला ही गोष्ट आवडते, कारण बाहेर काम देण्याचं एक कारण ती नेमकं दाखवते. आपण नेहमी पैसे वाचवण्याबद्दल बोलतो. पण एक माणूस आजारी पडल्यावर काय काय थांबतं, हा प्रश्न छोट्या व्यवसायासाठी अधिक महत्त्वाचा आहे. आणि तो एक माणूस बहुधा मालक स्वतःच असतो.

परवडतं कधी?

इथे पैशांचे आकडे बाजूला ठेवून तासांत हिशेब करू, म्हणजे तो कुठेही लागू पडेल.

पूर्णवेळ नोकरीचा आठवडा चाळीस तासांचा धरला, तर वर्षाचे ५२ आठवडे मिळून २,०८० तास होतात. समजा तुमच्याकडे कार्यालयीन काम आठवड्याला दहा तासांचं आहे. म्हणजे वर्षाला ५२० तास. पूर्णवेळ माणूस ठेवला तर उरलेल्या १,५६० तासांचेही पैसे तुम्ही देणार, आणि त्या माणसालाही रिकामं बसणं जड जाणार. बाहेरच्या माणसाचा तासाचा दर पगाराच्या तासाच्या दुप्पट असला, तरी तुमचा खर्च पूर्णवेळ पगाराच्या निम्म्यावर येतो. दर दुप्पट असेल तर दोन्ही पर्याय सारखे होतात ते आठवड्याला वीस तासांवर. काम त्याहून वाढलं की आतला माणूस स्वस्त पडू लागतो.

हे गणित अर्थातच ढोबळ आहे. पगारासोबत सुट्ट्या येतात, बसायची जागा येते, संगणक येतो, कायद्याने भरावी लागणारी वर्गणी येते. त्यामुळे प्रत्यक्षात बरोबरीची रेषा वीस तासांच्याही वर सरकते. अर्धवेळ माणूस ठेवणं हाही एक चांगला पर्याय आहे, आणि तुमच्या कामात कुणीतरी प्रत्यक्ष जागेवर असणं गरजेचं असेल तर तोच बरा.

पण या हिशेबात एक खर्च लोक हमखास विसरतात: सांगण्याचा खर्च. काम दुसऱ्याला द्यायचं तर ते समजावून सांगावं लागतं, सुरुवातीला चुका दुरुस्त कराव्या लागतात, नंतरही अधूनमधून पाहावं लागतं. समजा एखादं काम तुमचे आठवड्याला सहा तास खातं. शिकवण्यात पहिल्या महिन्यात बारा तास गेले आणि पुढे दर आठवड्याला एक तास तपासणीत गेला, तरी दुसऱ्या महिन्यापासून तुमचे वीसेक तास सुटतात. पण महिन्याला तीन तासांचं काम असेल आणि दर वेळी त्याची तऱ्हा वेगळी असेल, तर ते सांगण्यातच जास्त वेळ जाईल. अशी कामं स्वतःकडे ठेवा. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण तिथे अगदी खरी आहे. सगळ्याच कामांना ती लावली की मात्र घोडं अडतं.

म्हणून पहिली कसोटी ही: काम वारंवार येतं का आणि दर वेळी जवळपास तसंच असतं का? दोन आठवडे एक साधी वही जवळ ठेवा. कुठलंही कार्यालयीन काम केलं की त्याचं नाव आणि लागलेली मिनिटं लिहा. मी ज्यांना ज्यांना हे करायला सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांना आपला वेळ वाटला होता त्यापेक्षा भलत्याच कामात जातो आहे असं दिसलं. एकाला वाटत होतं हिशेब वेळ खातो. वहीत दिसलं की भेटीच्या वेळा बदलण्याच्या फोनांमध्येच त्याचे आठवड्याचे चार तास जात होते.

डोक्यातलं कागदावर

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि बहुतेक घोळही इथेच होतात. म्हणून इथे जरा थांबते.

बाहेरून काम करायला लागले त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एका व्यवसायाने मला थकबाकीच्या पाठपुराव्याचं काम दिलं. सूचना एका ओळीची होती: ज्यांचे पैसे तीस दिवसांपेक्षा जास्त थकलेत, त्यांना आठवण करा. मी यादी काढली, नम्र भाषेत ईमेल लिहिले, सगळ्यांना पाठवले. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. त्या यादीतल्या एका जुन्या ग्राहकाच्या घरी मृत्यू झाला होता. ‘पैशाचं नंतर बघू’ असं मालकांनी त्याला स्वतः भेटून सांगितलं होतं. त्या माणसाला आठवड्याभरात माझा ईमेल गेला. त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

सूचना चुकीची नव्हती, मीही ती बरोबर पाळली होती. पण कामाचा अर्धा भाग मालकांच्या डोक्यात राहिला होता. कुणाला सवलत दिली आहे, कोण उशिरा देतो पण हमखास देतो, कुणाशी फोनवरच बोलावं लागतं, हे सगळं वर्षानुवर्षं साठलेलं ज्ञान आहे. ते आपल्याला इतकं सवयीचं असतं की आपल्याला ते माहीत आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

त्यानंतर त्या व्यवसायाच्या पाठपुराव्यासाठी आम्ही दोघांनी बसून एक पान लिहिलं. ते साधारण असं होतं:

‘दर सोमवारी सकाळी थकबाकीची यादी काढायची. यादी आधी मालकांना पाठवायची. ज्यांच्या नावापुढे ते खूण करतील त्यांना काहीही पाठवायचं नाही आणि कारण विचारायचं नाही. बाकीच्यांना तीस दिवसांनंतर पहिला ईमेल, पंचेचाळीस दिवसांनंतर दुसरा. साठ दिवसांनंतर ईमेल नाही, मालक फोन करतील. ग्राहकाने मालाबद्दल तक्रार आहे असं उत्तर दिलं, तर पैशाचा विषय तिथेच थांबवायचा आणि ईमेल मालकांकडे पाठवायचा. हप्ते मागितले तर हो किंवा नाही म्हणायचं नाही. विचारून कळवते असं लिहायचं.’

एवढंच. पण या पानात तीन गोष्टी आहेत, आणि कुठल्याही कामाच्या टिपणात त्या असायला हव्यात. काम कधी आणि कसं करायचं, हे तर आहेच. कुठे थांबायचं, हे आहे. आणि कुठला निर्णय घेण्याचा अधिकार नाही, हेही आहे. लोक पहिली गोष्ट लिहितात आणि बाकीच्या दोन गाळतात. मग बाहेरचा माणूस एक तर प्रत्येक बारीक गोष्ट विचारत राहतो आणि मालकाच्या नाकी नऊ येतात, नाही तर तो स्वतःच ठरवून मोकळा होतो.

टिपण लिहायचा कंटाळा असेल तर एक सोपा मार्ग आहे. पुढच्या वेळी ते काम करताना संगणकाचा पडदा रेकॉर्ड करा आणि काय करताय, का करताय ते मोठ्याने बोलत राहा. ते पाहून नव्या माणसालाच टिपण लिहायला सांगा, आणि तुम्ही ते तपासा. त्याला काय कळलं आणि काय निसटलं हे तुम्हाला लगेच दिसेल.

द्यायचं कुणाला?

ढोबळमानाने चार तऱ्हा आहेत. एकटीने किंवा एकट्याने काम करणारी व्यक्ती, जिला हल्ली व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. अशा अनेक व्यक्ती पुरवणारी एजन्सी. फक्त एकाच कामातली तज्ज्ञ संस्था, जसं पेरोल किंवा हिशेब. आणि फोन घेणं किंवा टपाल हाताळणं अशी एखादीच सेवा देणाऱ्या कंपन्या.

एकटी व्यक्ती तुमचा व्यवसाय सगळ्यात छान समजून घेते, पण ती आजारी पडली की टॉबने पाहिलेलं दृश्य पुन्हा दिसतं. एजन्सी बदली माणूस देते, पण त्या बदली माणसाला तुमचं काही माहीत नसतं, तेव्हा ते लिहिलेलं पानच कामी येतं. पगार आणि करासारख्या कामांत मी निःसंकोच तज्ज्ञ संस्थेकडे जा म्हणेन. तिथले नियम सतत बदलतात, चुकलं की दंड होतो, आणि मनापासून काम करणाऱ्या सर्वसाधारण सहायकाकडूनही ती चूक होऊ शकते.

मोबदला तासावर, ठरावीक मासिक रकमेवर किंवा नगावर ठरतो. नगावर म्हणजे दर पगारपत्रकामागे किंवा दर बिलामागे. नवीन काम असेल तेव्हा तासावर सुरू करा, कारण किती वेळ लागेल हे दोघांनाही माहीत नसतं. दोन-तीन महिन्यांत अंदाज आला की मासिक रकमेवर जा. मासिक रक्कम ठरवताना न वापरलेले तास पुढच्या महिन्यात चालतील का, आणि जास्त लागले तर दर काय, हे आधीच लिहून घ्या. वाद याच दोन प्रश्नांवर होतात.

एक सावधगिरी कायद्याची. पुष्कळ देशांत एखादी व्यक्ती स्वतंत्र व्यावसायिक आहे की तुमची कर्मचारी, हे करारावर काय लिहिलंय एवढ्यावरून ठरत नाही. तिने कधी काम करायचं, कसं करायचं, कुठली साधनं वापरायची हे सगळं तुम्हीच ठरवत असाल आणि ती फक्त तुमच्यासाठीच काम करत असेल, तर कायदा तिला कर्मचारी मानू शकतो. मग कर आणि वर्गण्यांची जबाबदारी तुमच्यावर येते. तुमच्या भागातला नियम सल्लागाराला विचारून घ्या. हे अंदाजाने ठरवू नका.

पैसे, पासवर्ड आणि विश्वास

लोकांना खरी भीती वाटते ती इथे, आणि ती रास्त आहे. परक्या माणसाला बँक, ईमेल, ग्राहकांची माहिती उघडी करायची.

‘माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे’ असं म्हणून अनेक जण हा प्रश्न सोडवतात. मला ते पटत नाही. विश्वास हवाच, पण व्यवस्था अशी हवी की विश्वासाची परीक्षा घ्यायची वेळच येऊ नये. त्यात मदत करणाऱ्या माणसाचंही संरक्षण असतं. पैसे कुठे गेले असा प्रश्न कधी उभा राहिला, तर ‘माझ्या हातात ती किल्लीच नव्हती’ असं म्हणता येणं ही माझ्यासारखीला मोठी निश्चिंती असते.

हिशेबनिसांच्या जगात याला कामांची विभागणी म्हणतात. बिलाची नोंद करणारा, पैसे देण्याला मंजुरी देणारा आणि शेवटी बँकेशी ताळमेळ तपासणारा, हे तिघे एकच व्यक्ती नसावेत. चार माणसांच्या व्यवसायात तीन वेगळी माणसं कुठून आणणार? तिथे तडजोड अशी: नोंद बाहेरचा माणूस करेल, मंजुरी फक्त मालक देईल, आणि बँकेचं स्टेटमेंट मालक थेट बँकेकडून पाहील, कुणी बनवून दिलेल्या तक्त्यावरून नाही. अनेक बँका खात्याला दोन पातळ्या देतात; एकाने व्यवहार तयार करायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. तुमच्या बँकेत ही सोय असेल तर पहिल्याच दिवशी सुरू करून घ्या.

आता पुन्हा त्या कागदाच्या बिलाकडे. समजा एक दिवस त्याच व्यापाऱ्याच्या नावाने ईमेल येतो: आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा. लोगो तोच, भाषा तीच, खाली सही तीच. ही जगभर चालणारी फसवणूक आहे. अमेरिकेच्या एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे व्यावसायिक ईमेलच्या आडून झालेल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी २०२३ मध्ये आल्या, त्यांतलं नुकसानच सुमारे २.९ अब्ज डॉलरचं होतं. बाहेरचा माणूस त्या व्यापाऱ्याला कधी भेटलेला नसतो, त्याचा आवाज ओळखत नसतो, म्हणून तो सहज फसू शकतो. यावर उपाय एका ओळीचा आहे आणि ती ओळ टिपणात हवीच: कुणाचंही खातं बदलल्याचं कळलं, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर तर मुळीच फोन करायचा नाही.

पासवर्डचा नियमही असाच साधा आहे. स्वतःचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या माणसासाठी वेगळं लॉगिन उघडता येतं आणि त्याला किती दिसावं, किती बदलता यावं हे ठरवता येतं. त्यामुळे कुणी काय केलं याची नोंद राहते आणि काम संपल्यावर एक लॉगिन बंद केलं की झालं. जिथे वेगळं लॉगिन मिळतच नाही, तिथे पासवर्ड मॅनेजरमधून, म्हणजे पासवर्ड सुरक्षित साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, प्रवेश द्या. आणि सगळीकडे दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू ठेवा.

उलट बाजूने एक चूक फार दिसते. मालक घाईत म्हणतो, ‘तुम्हीच खातं उघडा.’ मग वेबसाइटचं नाव, ईमेल, फोल्डर, सॉफ्टवेअरचं सदस्यत्व, सगळं बाहेरच्या माणसाच्या नावावर होतं. त्याची नियत कितीही चांगली असली, तरी उद्या तो बाजूला झाला की तुमचा व्यवसाय दुसऱ्याच्या घरात अडकतो. खाती तुमच्या नावावर असू द्या. त्याला फक्त प्रवेश द्या.

ग्राहकांच्या माहितीबद्दल एक गोष्ट ठाम लक्षात घ्या: काम बाहेर गेलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारा आणि त्याच्या वतीने ती हाताळणारा, असे दोन वेगळे घटक आहेत. बाहेर काम देताना पहिल्या भूमिकेत तुम्ही असता आणि दुसऱ्या भूमिकेत तुमचा सहायक. दोघांत लेखी करार हवा असं तो कायदा सांगतो. माहिती फुटली आणि त्यातून लोकांना धोका संभवत असेल, तर कळल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामकाला सांगण्याची जबाबदारी पहिल्यावर आहे. दुसऱ्याने पहिल्याला विनाविलंब कळवायचं असतं. तुमच्या देशात दुसरा कायदा असेल, पण ‘माझ्या सहायकाकडून झालं’ हे उत्तर ग्राहकाला कुठेच पुरत नाही. म्हणून कामाला लागेल तेवढीच माहिती द्या. भेटीच्या वेळा ठरवणाऱ्याला ग्राहकाचं नाव आणि फोन पुरतो. त्याचा पूर्ण व्यवहार कशाला दाखवायचा?

पहिले तीन महिने

एकाच वेळी सगळं सोपवू नका. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी गत होते, आणि मग दोघेही हात टेकतात. एक काम घ्या, तेही चुकलं तर सुधारता येईल असं. भेटीच्या वेळा किंवा बिलं लावून ठेवणं चांगलं. पगार आणि करापासून सुरुवात नको. पहिल्या महिन्यात झालेलं प्रत्येक काम पाहा, दुसऱ्या महिन्यात अधूनमधून, तिसऱ्या महिन्यापासून ठरावीक नमुना.

आठवड्याला पंधरा मिनिटांचं बोलणं ठेवा आणि ते मोडू नका. काय झालं, काय अडलं, कुठे शंका आली. मदत करणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो उत्तर न मिळण्याचा. तीन दिवस एका ‘हो’ची वाट पाहत बसलेला माणूस तुमच्या ग्राहकाला काय उत्तर देणार? आणि कृपा करून त्याचं बिल वेळेवर द्या. जो माणूस तुमची थकबाकी वसूल करतो, त्याचीच थकबाकी तुमच्याकडे राहावी, हे मी पाहिलं आहे आणि ते दुखावणारं असतं.

काम नीट चाललंय का हे पाहायला मोठे तक्ते लागत नाहीत. बिलं ठरलेल्या तारखेच्या आत जातात का? ताळमेळ महिना संपल्यावर किती दिवसांत तयार होतो? किती गोष्टी तुमच्याकडे परत येतात आणि त्या कमी होत आहेत का? यातलं एखादं उत्तर बिघडू लागलं, तर माणूस बदलण्याआधी टिपण वाचा. बहुतेक वेळा कामाची तऱ्हा बदललेली असते आणि पान जुनंच राहिलेलं असतं.

सॉफ्टवेअरचंही असंच आहे. बिलातले आकडे वाचणं, बँकेचे व्यवहार आपोआप आत घेणं, भेटीची आठवण पाठवणं ही कामं आता यंत्र बऱ्यापैकी करतं. ती माणसाकडून करून घेण्यात त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाया जातात. पण यंत्राने वाचलेला आकडा चलनाशी जुळतो का, आणि जुळत नसेल तर फोन कुणाला करायचा, हे बघायला माणूसच लागतो.

शेवटी निघण्याची तयारी, आणि ती करार करतानाच करून ठेवायची असते. किती दिवसांची नोटीस, त्या काळात नव्या माणसाला शिकवण्याचे पैसे मिळतील का, फायली कुठल्या स्वरूपात परत येतील, त्या माणसाने त्याच्याकडच्या प्रती कधी नष्ट करायच्या. कुठे कुठे प्रवेश दिला आहे त्याची एक यादी पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी एकेक ओळ खोडत जाता येते. आणि जाणाऱ्या माणसाकडून एक गोष्ट मुद्दाम मागून घ्या: कामाची सगळी टिपणं, त्याने आपल्या अनुभवातून केलेल्या दुरुस्त्यांसकट. मी ते पाठपुराव्याचं काम सोडलं तेव्हा ते टिपण तीन पानांचं झालं होतं. कुठल्या ग्राहकाला ईमेल चालत नाही, कोण महिन्याच्या दहा तारखेनंतरच पैसे देतो, कुणाचा हिशेबनीस बदलला आहे, हे सगळं त्यात होतं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मालकांनी खूण केलेल्या नावांबद्दलची ती ओळ.